रेशमा रात्री देवळीपुढे गुडघे का टेकते?

प्रश्न : आमच्याकडे रेशमा नावाची काठेवाडी घोडी आहे. आप्पांनी (माझ्या वडिलांनी) ती चार वर्षांची असताना सारंगखेड्याच्या यात्रेतून आणली. आता ती चोविशीत आहे. पंचक्रोशीतल्या किती वरातींत ती नाचली याची गणती नाही. गेली तीन वर्षं काम बंद आहे. हल्ली ती वाळत चालली आहे, अर्धवट चावलेल्या चाऱ्याचे गोळे गव्हाणीत टाकते. शिवाय एक वेगळीच गोष्ट सुरू झाली आहे. रात्री अंगणातल्या खंडोबाच्या देवळीकडे तोंड करून ती उभी असते, एकदम पुढच्या गुडघ्यांवर येते आणि दचकून उठते. तिच्या गळ्याला देवमण, म्हणजे शुभ मानतात तो केसांचा भोवरा आहे. आप्पा म्हणतात, ती देवाला नमस्कार करते, तिच्यात पहिल्यापासूनच काहीतरी आहे. आता लोक नारळ आणि गूळ घेऊन येतात. भाऊ म्हणतो, व्यापारी चांगली किंमत देतोय तर देऊन टाकू, नाहीतर या लग्नसराईत एक शेवटची वरात करू. आप्पा मात्र संध्याकाळभर तिच्याजवळ बसून असतात. तिला तिचे जुने दिवस आठवत असतील का? आम्ही काय करावं?
– एक वाचक, धुळे जिल्हा

उत्तर : ताई, आधी रात्रीचं बोलू, कारण तेच सर्वांत तातडीचं आहे. तुम्ही लिहिलेल्या खुणांवरून रेशमा नमस्कार करत नाही. तिची झोप होत नाहीये आणि उभ्या उभ्या तिचा तोल जातोय.

घोडा उभ्याने झोपतो हे खरं, पण ते अर्धंच खरं आहे. मागच्या पायात गुडघ्याची वाटी मांडीच्या हाडाच्या उंचवट्यावर अडकते, पुढच्या पायांत स्नायुबंध ताणून बसतात, आणि जवळजवळ काहीही जोर न लावता तो तासन् तास उभा राहतो. ही डुलकी झाली. गाढ झोपेचा जो टप्पा असतो, ज्यात डोळे पापण्यांखाली हलतात आणि सगळे स्नायू सैल पडतात, तो उभ्याने घेता येत नाही. त्यासाठी घोड्याला आडवं पडावं लागतं, किंवा निदान बसून हनुवटी जमिनीला टेकवावी लागते. ही झोप फार लागत नाही, दिवसाकाठी अर्धा तास ते तासभर, तीही तुकड्यातुकड्यांनी. पण ती लागतेच. काही दिवस मिळाली नाही की मेंदू उभ्या घोडीलाच त्या झोपेत ओढतो, स्नायू सैल पडतात, पुढचे पाय दुमडतात, आणि जमिनीला लागताच ती दचकून उठते. तुम्ही पाहता ते हेच असावं.

खात्री करून घ्या. तिच्या पुढच्या पायांचे गुडघे आणि टापेच्या लगेच वरचा सांधा, दोन्ही समोरून पाहा. तिथे केस गेलेले, कातडी खरचटलेली किंवा जुनी खपली असेल, तर हा प्रकार तुम्हाला दिसतो त्यापेक्षा जास्त वेळा होतोय. मग सलग तीन रात्री जुना मोबाइल खांबाला बांधून चित्रीकरण करा. रात्रभरात ती एकदाही आडवी पडते का, किती मिनिटं, आणि उठताना किती झटापट करते, एवढंच बघायचं. सकाळी अंगावर, आयाळीत भुसा किंवा लिदीचा डाग नसेल तर ती पडलेलीच नाही. देवळीकडे तोंड का, याचं उत्तर बहुधा तिचा खुंटा, गव्हाण आणि वाऱ्याची दिशा यांत मिळेल. आठ दिवस खुंटा दुसऱ्या बाजूला ठोकून पाहा.

ती पडत का नाही, याची कारणं मोजकी आहेत. पहिलं दुखणं. वरातीच्या घोडीला पुढचे पाय उचलून सगळं वजन मागच्या पायांवर तोलायला शिकवतात, आणि तेही डांबरावर, काँक्रीटवर, नाल ठोकलेल्या टापांनी. वर्षानुवर्षं असं झालं की मागच्या पायांचे सांधे आणि कंबर झिजते. अशा घोडीला खाली बसता येतं, पण उठताना कळ येते, म्हणून ती बसायचंच टाळते. दुसरं, पिछाडी. तिला अजून अगाडी-पिछाडीने बांधत असाल तर पिछाडी आजच सोडा. मागचे पाय दोरांनी ताणलेले असले की कुशीवर पडता येत नाही, पडली तर गुंतते. गळ्यातला दोरही इतका लांब हवा की डोकं जमिनीला टेकेल. शक्य असेल तर दोर नकोच, चार मीटर बाय चार मीटरची बंदिस्त मोकळी जागा सर्वांत चांगली. तिसरं, एकटेपणा. घोडा कळपात झोपतो, कुणीतरी जागं असतं. एकट्या घोडीजवळ शेळी किंवा गाढव बांधलं तरी पुष्कळदा फरक पडतो. आणि चौथं, जमीन. फरशीवर म्हातारी घोडी पडायला तयार होत नाही. भाताचं तूस किंवा लाकडाचा भुसा आठ-दहा इंच जाड घाला, भिंतीकडे जरा चढता. ओला भाग रोज काढा. वाळू घातली तर त्यावर चारा टाकू नका, चाऱ्याबरोबर वाळू पोटात जाऊन साचते आणि पोटशूळ होतो.

दुखणं आहे की नाही हे ठरवायची एक सोपी रीत आहे. डॉक्टरांना सांगून दहा ते चौदा दिवस वेदनाशामक द्या. घोड्यांत फिनाइलब्युटाझोन किंवा मेलॉक्सिकॅम वापरतात, मात्रा डॉक्टरच वजनावर ठरवतील. या दिवसांत ती आडवी पडू लागली आणि गुडघे टेकणं थांबलं, तर रोगाचं नाव जवळपास नक्की झालं. फिनाइलब्युटाझोन रिकाम्या पोटी देऊ नका आणि मनाने वाढवू नका, पोटात अल्सर होतात, मूत्रपिंडावर ताण येतो. डायक्लोफिनॅक कुणी सुचवलं तर घेऊ नका, जनावरांसाठी त्यावर २००६ पासून बंदी आहे. सांध्यांवर डाग देणं हा तर निव्वळ छळ आहे. त्याने झीज भरून येत नाही, जखम मात्र होते.

ती कधी पडली आणि उठता आलं नाही, तर गायीसारखं शेपूट धरून मागून उचलायला जाऊ नका. गाय आधी मागचा भाग उचलते, घोडा आधी पुढचे पाय सरळ करतो. तिला छातीवर बसती करा, दोन्ही बाजूंनी पेंढ्यांचा टेकू द्या, पुढचे पाय समोर मोकळे सोडा, टापांखाली गोणपाट टाका म्हणजे घसरणार नाही, आणि तिला तिचा वेळ द्या. दोन तासांत उठली नाही तर कूस बदला. डॉक्टरांना मात्र पहिल्या अर्ध्या तासातच फोन करा.

आता तोंड. चाऱ्याचे गोळे टाकणं म्हणजे दाढा कामातून जात असल्याची खूण. घोड्याची दाढ हिरडीतून आयुष्यभर दरवर्षी दोन-तीन मिलिमीटर वर येत राहते आणि तेवढीच झिजते. चोविसाव्या वर्षी साठा संपत आलेला असतो. त्यातच वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद असतो, त्यामुळे वरच्या दाढांची बाहेरची कड आणि खालच्यांची आतली कड सुरीसारखी होते, गाल आणि जीभ कापते. डॉक्टरांनी तोंड लोखंडी गॅगने उघडं ठेवून, घोडीला गुंगी देऊन, आत हात घालून दाढा चाचपायला हव्यात, नुसते पुढचे दात बघून काही कळत नाही. टोकं लांब कानशीने घासतात. म्हाताऱ्या घोडीच्या दाढा फार घासून सपाट करू नयेत, उरलेलं थोडकं चावणंही जातं. टोकं मोडली की पुरे. हे दर सहा महिन्यांनी. घोड्याच्या तोंडात काम केलेले डॉक्टर तालुक्याला नसतील तर परळच्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयात चौकशी करा.

वजन अंदाजाने सांगू नका, मोजा. पुढच्या पायांमागून छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये घ्या. खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंत लांबी घ्या. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११,८८०, की किलो निघतात. घेर १६० आणि लांबी १४५ असेल तर साधारण ३१२ किलो. दर पंधरा दिवसांनी त्याच वेळी, त्याच माणसाने मोजायचं आणि भिंतीवर लिहायचं. थंडीत केस वाढतात आणि नजर फसते, म्हणून बरगड्या हाताने चाचपा.

तीनशे किलोच्या घोडीला दिवसाला साडेचार ते सहा किलो कोरडा आहार लागतो. रेशमाला तो भिजवूनच द्यायचा. मारवेल किंवा तत्सम सुक्या गवताची एक-दोन सेंटिमीटरची कुट्टी तीन किलो, वाळलेल्या लसूणघासाची कुट्टी दीड किलो, भरडून शिजवलेले जव कोरड्या वजनाने पाऊण किलो, सोयाबीन पेंड पाव किलो, घोड्यांसाठीचं खनिज मिश्रण पाकिटावरच्या मात्रेने आणि मीठ ३० ग्रॅम. हे चार किंवा पाच वेळांत विभागा. कुट्टी तासभर पाण्यात भिजवून लापशीसारखी सैल करा. उन्हाळ्यात भिजवलेला चारा चार-पाच तासांत आंबतो, म्हणून प्रत्येक वेळचा वेगळा भिजवा. गोडंतेल ५० मिलीपासून सुरू करून दोन आठवड्यांत १५० मिलीपर्यंत न्या, एकदम दिलंत तर लीद पातळ होईल. पहिल्या दहा दिवसांत जुना चारा कमी करत नवा वाढवा. घोड्याच्या मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंना बदल सोसायला वेळ लागतो, आणि घाई केली की पोटशूळ ठरलेला.

काय देऊ नये ते जास्त नीट वाचा. ज्वारीचा जाड कडबा या दाढांना चावत नाही, न चावता गिळला की आतड्यात गच्च बसतो. कोरडा कोंडा, कोरडे हरभरे घशात अडकतात. मान लांब करून खोकणं आणि नाकातून हिरवट लाळ येणं ही त्याची खूण. तेव्हा चारा-पाणी बंद करून डॉक्टरांना बोलवा, वरून पाणी ओतू नका. गव्हाचा कोंडा रोज भरपूर दिला की फॉस्फरस वाढतं आणि हाडांतलं कॅल्शियम निघून जातं. बुरशी लागलेला मका खानदेशात गुरांपुढे सर्रास टाकला जातो, घोड्याचा मात्र त्याने मेंदू सडतो आणि उपचार नाही. गुरांचं किंवा कोंबड्यांचं तयार खाद्यही नको. त्यांतल्या काहींत मोनेन्सिन नावाचं औषध असतं, गायीला ते चालतं, घोड्याला अगदी थोडं गेलं तरी हृदय बंद पडतं. बांबूच्या नळीने काढे पाजणंही बंद करा, ते फुप्फुसात जातात.

पाणी रोज २० लिटरच्या खाली जाता कामा नये, उन्हाळ्यात दुप्पट. थंडीत कोमट करून ठेवा, झिजलेल्या दाढांना गार पाणी झोंबतं, ती कमी पिते आणि मग लीद अडकते.

वाळण्यामागे फक्त दात असतील असं धरून बसू नका. भूक बरी असून वजन उतरतंय, मधूनच ताप येतोय, पोटाखाली किंवा पायांवर सूज आहे, असं असेल तर सरा हा माशांमुळे पसरणारा रक्तातला रोग असू शकतो. पावसाळा आणि त्यानंतरच्या महिन्यांत त्याची शंका आधी घ्यावी. ताप असतानाच रक्त तपासायला द्या. उन्हाळा आला तरी लांब केस झडत नसतील, पाणी फार पीत असेल, पाठीचं मांस गेलं असेल, तर मेंदूतल्या पीयूषिका ग्रंथीचा म्हातारपणातला आजार बघायला हवा. त्यासाठी रक्तातल्या एका संप्रेरकाची तपासणी होते, आणि औषध आयुष्यभर द्यावं लागतं. जंतांसाठी लिदीची तपासणी आधी, औषध नंतर. गुरांचं आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन घोडीला टोचू नका, सुईच्या जागी भयंकर संसर्ग होऊ शकतो, घोड्याला ते तोंडावाटे मिळतं. धनुर्वाताची लस दरवर्षी चुकवू नका, घोडा या रोगाला फार हळवा आहे. नाल आता काढून टाका, पण नालबंद दर सहा ते आठ आठवड्यांनी यायलाच हवा, काम नसलं तरी टाप वाढतच राहते.

नारळ-गूळ घेऊन येणाऱ्यांविषयी. हा भाग कदाचित घरात बोलायला सर्वांत अवघड जाईल. श्रद्धेला धक्का न लावता एवढं सांगता येईल की प्रसाद देवळीत ठेवा, घोडीच्या तोंडात नाही. वर सांगितलेला ग्रंथीचा आजार असेल तर गूळ आणि पेढे तिच्या टापांच्या आत जळजळ सुरू करू शकतात. टापेच्या आतलं हाड धरून ठेवणारा पडदा सुजतो, घोडी वजन मागे टाकून उभी राहते, टापा गरम लागतात, टापेमागची नाडी ठसठसते. हे झालं तर चोविसाव्या वर्षी ती उभी राहणंच कठीण. शिवाय माणसं आणि मुलं तिच्या नाकातोंडाला हात लावत आहेत, तेव्हा ग्लँडर्सची तपासणी करून घ्या. हा जिवाणूजन्य रोग घोड्यातून माणसाला होतो, आढळला तर शासनाला कळवणं कायद्याने बंधनकारक आहे. डॉक्टर रक्ताचा नमुना घेतात, हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात त्याची तपासणी होते.

देवमण तिच्या गळ्यावर आहे आणि राहील. भोवरा म्हणजे केस उगवण्याची दिशा. प्रत्येक घोड्याची ठेवण वेगळी असते, म्हणूनच घोड्यांच्या ओळखपत्रात भोवरे नोंदवतात. सारंगखेड्यात त्यावर किंमत ठरते, आप्पांनीही तो पाहूनच तिला निवडली असेल. त्यांना ते खोटं पाडून दाखवायची काही गरज नाही. फक्त तिच्या गुडघे टेकण्याला नमस्कार म्हणत राहिलो तर तिचं दुखणं कुणी बघणार नाही, हे त्यांना शांतपणे सांगा. चित्रीकरण दाखवा. इतकी वर्षं घोडी सांभाळलेला माणूस तिची उठतानाची धडपड बघून समजून जाईल.

तिला जुने दिवस आठवतात का? माणसासारखं बसून ती आयुष्य आठवत असेल, असं म्हणायला आधार नाही. पण ओळख, चेहरे, वाटा, आवाज घोडा वर्षानुवर्षं विसरत नाही. ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवलं की एखाद्या माणसाचा रागीट किंवा हसरा चेहरा घोड्याने नुसता फोटोत पाहिला, तरी काही तासांनी तोच माणूस साध्या चेहऱ्याने समोर आल्यावर घोडा त्याच्याशी त्यानुसार वागतो. वीस वर्षं रोज दिसलेला आप्पांचा चेहरा तिला काय असेल, याचा अंदाज करा. लांबून ताशा वाजला की तिचे कान ताठ होतात का, पाय हलू लागतात का, हे पाहा. होत असेल तर ती आठवणच आहे, पण ती आनंदाची आहे की ताणाची, हे कान आणि नाकपुड्या सांगतील. कान पुढे आणि मान सैल असेल तर ठीक. कान मागे, नाकपुड्या ताणलेल्या, शेपूट आपटणं असेल, तर वरात जाईपर्यंत तिला मागच्या अंगणात न्या. आप्पा संध्याकाळी बसतात तेव्हा मान संपते आणि पाठ सुरू होते त्या खांद्याच्या उंचवट्यावर त्यांनी बोटांनी जोरात खाजवावं. घोडे एकमेकांना तिथेच खाजवतात, आणि त्याने हृदयाचे ठोके मंदावतात हे मोजून पाहिलेलं आहे. आप्पांना रोज करता येईल असं यापेक्षा चांगलं काम नाही.

भावाला सांगा, शेवटची वरात नको. वयाने किंवा दुखण्याने निकामी झालेल्या जनावराला कामाला लावणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ खाली गुन्हा आहे. झोप न झालेली घोडी नवरदेवाला घेऊन गुडघ्यावर आली तर काय होईल, हेही त्याने डोळ्यांसमोर आणावं. व्यापाऱ्याला विकू नका. चोवीस वर्षांच्या दुखऱ्या घोडीला चांगली किंमत देणारा ती सांभाळण्यासाठी घेत नसतो. तिच्या वाट्याला वीटभट्टीचं ओझं येण्याचीच भीती जास्त.

एक निर्णय मात्र घरात बसून आधीच घ्या. औषध देऊनही ती आठवड्यात एकदाही पडून झोपत नसेल, पडल्यावर उठता येणं पुन्हा पुन्हा अशक्य होत असेल, किंवा भिजवलेलाही चारा गिळवत नसेल, तर डॉक्टरांच्या हातून तिला वेदनेशिवाय जाऊ देणं हेच तिचं भलं आहे. पावसाळ्यात चिखलात पडलेल्या घोडीशेजारी उभं राहून हे ठरवू नये. जागाही आधीच बघून ठेवा. विहीर आणि नाल्यापासून दूर, जेसीबी पोचेल अशी, आणि अडीच-तीन मीटर खोल खणता येईल अशी.

डॉक्टरांना फोन करण्याआधी एका कागदावर एवढं लिहून ठेवा : गुदद्वारातलं तापमान (३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस ठीक), जबड्याखालच्या नाडीचे मिनिटाला ठोके (२८ ते ४४), श्वास (८ ते १६), दिवसभरातली लीद किती वेळा, पाणी किती लिटर, मोजलेलं वजन, आणि तीन रात्रींत ती किती वेळा गुडघ्यावर आली. तापमान आणि ठोके सकाळी, ती विश्रांतीत असताना घ्या.